संघ हरला की जबाब कोणी द्यायचा?



घोडेगावला व्याख्यानाला या, असे निमंत्रण आले आणि आम्ही विषय कळवला. दुसऱ्याच दिवशी संयोजकांचा फोन. "सर, विषयात फुटबॉल असे लिहिलंय, ते चुकून का?" चुकून नव्हते. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने आत्म्यावर बोलावे, फार तर कर्मावर बोलावे, अशी लोकांची अपेक्षा असते. तर आज आम्ही कर्मावरच बोलणार आहोत. उदाहरण तेवढे फुटबॉलचे घेणार आहोत. समोर बघतो तर मागच्या रांगांमध्ये पोरे बसली आहेत आणि दोघांच्या अंगात मुंबई सिटीची आकाशी जर्सी आहे. म्हणजे विषय अगदीच परका नाही.

प्रश्न साधा आहे. एखाद्या क्लबचा संघ त्याच्या कुवतीपेक्षा खराब खेळला, सामन्यामागून सामने हरत गेला, तर त्याला जबाबदार कोण? खेळाडू? प्रशिक्षक? मालक? संघटना? नशीब? की वर्गणी भरून, तिकीट काढून, घसा कोरडा होईपर्यंत ओरडणारे आपण?

तुमच्या गावात जनावरांचा मोठा बाजार भरतो. समजा, एकाने तिथून बैल नेला आणि तो शेतात नीट चालेना. तो म्हणतो, बैलच खोडाचा. विकणारा म्हणतो, तुमच्या गड्याला हाकता येत नाही. गडी म्हणतो, जू वाकडे आहे, मानेला घासते. शेजारी म्हणतो, अहो, रान अजून ओले आहे, आज औत धरायलाच नको होते. चौघेही खोटे बोलत नाहीत, आणि तरी मार कोण खातो? बैल. आजच्या विषयाची सगळी अडचण या गोष्टीत आहे. ज्याला मारणे सोपे असते त्याला आपण जबाबदार ठरवतो.

जबाबदार आणि दोषी

आधी शब्द नीट पाहू. आपल्याकडे "जबाबदार" हा शब्द फारसीच्या वाटेने आला. त्यात "जबाब" आहे, म्हणजे उत्तर. पोलीस आजही जबाब नोंदवून घेतात. तेव्हा जबाबदार म्हणजे ज्याच्याकडे जबाब मागायचा तो. दोषी ही पुढची गोष्ट झाली. जबाब ऐकल्यावर, तपासल्यावर एखादा दोषी ठरेल किंवा सुटेल. आपण रागाच्या भरात मधली पायरी गाळतो. जबाब न मागताच खापर फोडतो, आणि खापर फोडायला एक डोके लागते, म्हणून ते शोधत फिरतो.

इंग्लंडमध्ये हर्बर्ट हार्ट नावाचे कायद्याचे मोठे तत्त्वज्ञ होऊन गेले. १९६८ साली त्यांचे शिक्षा आणि जबाबदारी या विषयावरचे पुस्तक आले. त्यात त्यांनी एका बुडालेल्या जहाजाची आणि त्याच्या दारुड्या कप्तानाची गोष्ट रचली आहे. त्या एका गोष्टीत "जबाबदार" हा शब्द ते निरनिराळ्या अर्थांनी वापरून दाखवतात. जहाज सुखरूप ठेवणे ही कप्तानाची जबाबदारी, म्हणजे ते त्याचे काम. जहाज बुडण्याला वादळ जबाबदार, म्हणजे ते कारण. कप्तान शुद्धीवर होता का, त्याला वेगळे वागता आले असते का, हा क्षमतेचा प्रश्न. आणि शेवटी शिक्षा कोणाला, हा चौथा प्रश्न. वादळ कारण असते, पण वादळाला कोणी शिक्षा देत नाही.

फुटबॉलच्या चर्चेत हे चारही प्रश्न आपण एकाच भांड्यात शिजवतो. गोलरक्षकाच्या हातून चेंडू सुटला, हे गोलाचे कारण झाले. तेवढ्यावरून हंगाम वाया गेल्याचा दोष त्याचा होत नाही. ब्राझीलचा मोआसिर बार्बोसा आठवा. १९५० साली १६ जुलैला मारकाना स्टेडियमवर उरुग्वेने ब्राझीलला २-१ हरवले आणि विश्वचषक नेला. दुसरा गोल गोलरक्षक बार्बोसाच्या जवळच्या बाजूने गेला. तो त्या काळातल्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक होता. पुढे २००० साली मरेपर्यंत त्याला लोकांनी त्या एका गोलावरून ओळखले. बाकी दहा जण त्या दिवशी मैदानावर होतेच. संघ निवडणारे होते, जिंकलोच म्हणून आधीच मिरवणारे पुढारी आणि वृत्तपत्रे होती. पण एका माणसाच्या गळ्यात पराभव अडकवला की बाकीच्यांना सुखाने झोप लागते. म्हणून आम्ही म्हणतो, हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा नाही. चुकीचे उत्तर दिले तर त्यात माणसाचे आयुष्य जाते.

पुण्याची गोष्ट

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. महाराष्ट्रातून दोन संघ उतरले, मुंबई सिटी आणि एफसी पुणे सिटी. पुण्याचे सामने बालेवाडीला व्हायचे. मालकीत वाधवान समूह आणि अभिनेता हृतिक रोशन, भागीदार म्हणून इटलीचा फिओरेंतिना क्लब. नावात काही कमी नव्हते.

पहिल्या वर्षी प्रशिक्षक इटलीचे फ्रँको कोलोम्बा, आठ संघांत सहावा क्रमांक. दुसऱ्या वर्षी इंग्लंडकडून खेळलेले डेव्हिड प्लॅट, सातवा क्रमांक. तिसऱ्या वर्षी स्पेनचे अंतोनियो लोपेझ हबास, पुन्हा सहावा. चौथ्या वर्षी रान्को पोपोविच आले, मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो असे खेळाडू मिळाले आणि संघ दहांत चौथा येऊन उपांत्य फेरीत गेला. तिथे बंगळुरूने हरवले, पण लोक खूष होते. मग काय व्हावे? पाचव्या वर्षी पोपोविच नव्हते. मिगेल आंखेल पोर्तुगाल आले आणि तीन सामन्यांनंतर गेले. प्रद्युम रेड्डींनी काही काळ संघ सांभाळला, मग फिल ब्राऊन आले. संघ सातवा. आणि २०१९ च्या ऑगस्टपर्यंत क्लबच मिटला. लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली.

मोजा बरे. पाच हंगाम, सात प्रशिक्षक. आता कोणी म्हणेल, सातही जण कुचकामी होते. बरे, मग हबास यांचे काय? याच हबास यांनी पुण्याला येण्याआधी, २०१४ साली, कोलकात्याला विजेतेपद मिळवून दिले होते. पुण्यानंतर, २०२० साली, त्यांनी ते कोलकात्याला पुन्हा मिळवून दिले. माणूस तोच. कोलकात्यात तो शहाणा आणि पुण्यात तो अडाणी, असे कसे होईल? जी गोष्ट दर वर्षी बदलली ती म्हणजे प्रशिक्षक. जी फारशी बदलली नाही ती म्हणजे प्रशिक्षक निवडण्याची आणि घालवण्याची रीत. आणि ती रीत ज्यांच्या हातात होती त्यांच्याकडे जबाब मागायला फारसे कोणी गेले नाही.

कर्माची पाच कारणे

इथे आम्हाला गीतेचा अठरावा अध्याय आठवतो. आम्ही हा अध्याय वर्षानुवर्षे वर्गात शिकवला आणि दर वेळी वाटायचे, हा भाग व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवायला हवा. कोणतेही कर्म सिद्धीला जायला पाच गोष्टी लागतात, असे तिथे सांगितले आहे. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. लगेच पुढे असेही सांगितले आहे की एवढी पाच कारणे असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची समज कच्ची आहे. आम्ही त्याला आमची एक पुरवणी जोडतो. जो एकट्या दुसऱ्यालाच कर्ता समजतो त्याचीही समज तेवढीच कच्ची.

ही पाच कारणे क्लबला लावून पाहू. टीकाकार अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. आम्ही आज थोडी मोकळीक घेऊन त्याला आधार म्हणू, ज्यावर सगळे उभे आहे तो. मैदान, सरावाची जागा, लहान मुलांची अकादमी, स्पर्धेचे वेळापत्रक, महासंघाचा कारभार. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण आपण आळशी माणसाला ऐकवतो, पण कधी कधी अंगण खरोखर वाकडे असते. २०२५ च्या जुलैत भारतात काय झाले? महासंघ आणि लीगचे आयोजक यांच्यातल्या कराराचे पुढे काय, हे ठरेना, म्हणून आयोजकांनी पुढचा हंगामच स्थगित ठेवला. सराव कधी सुरू करायचा, खेळाडूंशी करार किती महिन्यांचा करायचा, हे क्लबांना सांगता येईना. अशा वर्षी एखादा संघ विस्कळीत खेळला तर एकट्या प्रशिक्षकाची कॉलर कशी धरणार?

कर्ता म्हणजे खेळाडू. त्याला जबाबातून सूट नाही. तो वेळेवर झोपला का, धावला का, चेंडू गेल्यावर मागे आला का, हे त्याच्या हातात आहे. पगार घेऊन जो चालत चालत खेळतो त्याला मैदानाची आणि महासंघाची सबब देता येत नाही.

करण म्हणजे साधने. क्लबच्या बाबतीत सगळ्यात मोठे साधन म्हणजे खेळाडूंचा ताफा, आणि तो विकत घ्यायला लागणारा पैसा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मुंबई सिटीचे उदाहरण पाहा. २०२३ च्या हंगामात मध्येच त्यांचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडला निघून गेले. त्यांच्या जागी पेत्र क्रात्की आले. हंगामाच्या मध्ये प्रशिक्षक बदलला म्हणजे संघ कोसळणार, असे आपण म्हटले असते. प्रत्यक्षात ४ मे २०२४ ला याच संघाने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून लीगचा चषक जिंकला. पुढच्या हंगामात क्रात्की तेच, जर्सी तीच, आणि संघ सहावा. बाद फेरीत बंगळुरूने ५-० धुतले. काय बदलले होते? अपुइया मोहन बागानकडे गेला होता. पेरेरा दियाझ, नोगुएरा आणि राहुल भेके हे तिघे गेले होते बंगळुरूकडेच! आपण घडवलेला बैल शेजाऱ्याच्या औताला जुंपलेला पाहायचा आणि आपल्या गड्याला विचारायचे, तुझी नांगरट मागे का पडली?

आता आकाशी जर्सीवाले म्हणतील, सर, खेळाडू जातातच, करार संपतात, त्यांना जास्त पैसे मिळतात. अगदी खरे. खेळाडूने जाणे हा गुन्हा नाही. पण त्याच्या जागी कोण, हा प्रश्न कोणाच्या तरी टेबलावर होता. ज्याचे टेबल त्याचा जबाब.

चौथी चेष्टा, म्हणजे निरनिराळ्या क्रिया. सराव, डावपेच, कोणाला कधी उतरवायचे. हा प्रशिक्षकाचा प्रांत. इथे त्याच्याकडे जबाब मागायचा आणि कडक मागायचा. आघाडीवर असताना संघ शेवटच्या दहा मिनिटांत दर वेळी गोल खात असेल, तर ते नशीब म्हणून सोडून देता येत नाही.

दैव आणि पुन्हा वर येणारा आलेख

पाचवे दैव. फुटबॉलमध्ये गोल मुळात थोडे होतात. क्रिकेटमध्ये एका दिवसात शेकडो चेंडू पडतात, चांगल्या-वाईटाची सरासरी निघून जाते. इथे दीड तासात एखादा गोल, आणि तोही खांबाला लागून आत गेला की बाहेर आला यावर सामना ठरतो. म्हणून चांगला संघही ओळीने चार-पाच सामने हरू शकतो. त्यात कोणाचीच चूक नसेल असे नाही, पण चूक वाटते तेवढी मोठी नसते.

इथे एक गंमत सांगतो. संघ ओळीने हरतो, मालक प्रशिक्षकाला काढतो, आणि पुढचे दोन-तीन सामने संघ जिंकतो. सगळे म्हणतात, बघा, काढला ते बरे झाले. नेदरलँड्समधले अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी तिथल्या लीगच्या १९८६ ते २००४ या काळातल्या नोंदी तपासल्या. प्रशिक्षक काढल्यावर संघ सावरतो हे त्यांना दिसले. पण तशाच घसरगुंडीत सापडलेल्या ज्या क्लबांनी प्रशिक्षक काढला नाही, तेही तितकेच सावरले होते. खाली गेलेला संघ आपोआपच आपल्या नेहमीच्या पातळीकडे परत येतो, आणि त्याचे श्रेय कुऱ्हाडीला मिळते. तापात अंगारा लावला, तिसऱ्या दिवशी ताप उतरला, श्रेय अंगाऱ्याला. तसेच हे.

तुम्ही तर कांद्याच्या गावचे. हे तुम्हाला आमच्याहून चांगले कळते. २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव पडले. त्या महिन्यात ज्याने ट्रॅक्टर भरून कांदा बाजारात आणला त्याला, तुझ्या शेतीत काय चुकले, असे कोणी विचारले असते तर त्याने काय उत्तर दिले असते? बियाणे चांगले, खत वेळेवर, काढणी नीट. कर्ता, करण, चेष्टा सगळे जागेवर, आणि आधारच दिल्लीत हलला. पण त्याच वेळी शेजाऱ्याचा कांदा चाळीत पाणी शिरून सडला असेल, तर त्यालाही निर्यातबंदीचे नाव सांगता येणार नाही. कोणते नुकसान कुठून आले, हे वेगळे करणे म्हणजेच जबाब घेणे.

मग कोणीच जबाबदार नाही का?

इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. पाच कारणे, पन्नास माणसे. प्रत्येक जण म्हणणार, मी एकटा नाही. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही. आपल्याकडे समित्या नेमतात त्या काही वेळा याचसाठी.

दुसरी पळवाट म्हणजे "संघ जबाबदार" असे म्हणून मोकळे होणे. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ साली मनाविषयीच्या आपल्या पुस्तकात एक मजेदार उदाहरण दिले. क्रिकेट पहिल्यांदा पाहणारा परदेशी माणूस विचारतो, गोलंदाज कळला, फलंदाज कळला, यष्टिरक्षक कळला, पण ती संघभावना दाखवायचे काम यातल्या कोणाकडे आहे? संघभावना हे अकराव्या माणसाच्या पुढचे बारावे काम नसते. अकरा जण आपापले काम ज्या रीतीने करतात ती रीत म्हणजे संघभावना. तसेच "क्लब" नावाचा कोणी वेगळा माणूस कचेरीत बसलेला नसतो. क्लब चुकला याचा अर्थ काही ठरावीक माणसांनी काही ठरावीक दिवशी काही ठरावीक निर्णय घेतले किंवा घ्यायचे टाळले. त्या निर्णयांपर्यंत गेल्याशिवाय "क्लब जबाबदार" या वाक्याला अर्थ येत नाही.

तेव्हा जबाब वाटून द्यायला माप हवे. आमचे माप दोन प्रश्नांचे आहे. ही गोष्ट बदलण्याचा अधिकार कोणाकडे होता? आणि त्या अधिकाराची मुदत किती होती?

एका सामन्यातला खेळ बदलणे खेळाडूच्या हातात, म्हणून सामन्याचा जबाब त्याने द्यावा. हंगामभराचा खेळ घडवणे प्रशिक्षकाच्या हातात, पण त्याला हंगाम मिळाला पाहिजे. तीन सामन्यांची मुदत देऊन पूर्ण हंगामाचा जबाब मागणे म्हणजे पेरून तिसऱ्या दिवशी कापणीला जाणे. ताफा जमवायला दोन-तीन वर्षे लागतात, त्याचा जबाब खेळाडू निवडणाऱ्या व्यवस्थापनाचा. आणि पाच वर्षे सलग संघ धडपडत असेल, माणसे येत-जात असतील, तर या पाचही वर्षांत जो एकटा जागेवर होता त्याने उत्तर द्यायचे. तो म्हणजे मालक. त्याहून लांबची मुदत महासंघाची. जिल्ह्याजिल्ह्यांत लीग नाही, शाळांना मैदान नाही, पंच नाहीत, याचा जबाब दहा वर्षांच्या हिशोबाने तिथे मागायचा.

हे माप पुण्याच्या पुढच्या गोष्टीला लावून बघा. हैदराबादला गेलेला संघ २०१९-२० मध्ये शेवटचा आला. फिल ब्राऊन यांना मध्येच काढले. मग मानोलो मार्केझ आले. त्यांना वेळ मिळाला, तरुण भारतीय खेळाडूंवर त्यांनी काम केले. पहिल्या हंगामात पाचवे आले, आणि मार्च २०२२ मध्ये गोव्यात फातोर्डाला केरळला हरवून विजेते झाले. इथे प्रशिक्षकाला श्रेय द्यायला हवे आणि त्याला मुदत देणाऱ्यांनाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढे क्लबची आर्थिक घडी विस्कटली, खेळाडूंचे पगार थकले, बरेच परदेशी आणि नावाजलेले भारतीय खेळाडू सोडून गेले. २०२३-२४ मध्ये थांगबोई सिंग्तो बहुतेक नवख्या पोरांना घेऊन उतरले आणि सबंध हंगामात एकच सामना जिंकले. पुन्हा शेवटचे. गुणतक्त्यात दोन्ही शेवटचे क्रमांक सारखेच दिसतात. पण दुसऱ्या वेळी सिंग्तोंना दोष देणारा माणूस चोर सोडून संन्याशाला सुळी देत होता. पगाराविना मैदानात उतरलेल्या पोरांनी तर उलट आपल्याकडे जबाब मागावा.

आमचा जबाब

हे सगळे आम्ही उंचावर बसून बोलतो आहोत असे वाटू नये, म्हणून एक कबुली देतो. महाविद्यालयात आम्ही काही वर्षे क्रीडा समितीचे अध्यक्ष होतो. एका वर्षी आमचा फुटबॉल संघ विभागीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात सात गोल खाऊन परत आला. वर्तमानपत्रात आले, वरून विचारणा झाली. आम्ही क्रीडाशिक्षकांना लेखी खुलासा मागितला. त्यांचा खुलासा दोन ओळींचा होता. मैदानावर जूनपासून बांधकामाची खडी आणि वाळू पडली आहे, त्यामुळे सराव झालेला नाही.

ती खडी तिथे टाकायला परवानगी देणाऱ्या ठरावावर आमचीही सही होती. आम्ही विसरलो होतो असे म्हणणार होतो, पण या वयात खोटे कशाला? आठवत होते. तरी आम्ही त्यांचा खुलासा असमाधानकारक असा शेरा मारून फायलीत लावला, कारण फायलीला एक नाव हवे होते आणि ते आमचे नसावे एवढीच आमची इच्छा होती.

पुढच्या वर्षी त्या सरांनी संघच पाठवला नाही. कोणी विचारले नाही. शेवटच्या वर्षाला असलेली पोरे एकही सामना न खेळता पदवी घेऊन गेली. सात गोल खाणारा संघ होता तो गेला आणि त्याच्या जागी काही नव्हते. निवृत्तीनंतर आम्ही सरांच्या घरी गेलो आणि हे सगळे बोललो. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतले आणि म्हणाले, "खडी उचलायला कधी सांगणार, एवढंच मी विचारलं होतं." जबाब देणे म्हणजे काय, ते आम्हाला त्या दिवशी कळले. क्षमा मागणे ठीक, पण खडी उचलणे हा खरा जबाब. तो आम्ही वेळेवर दिला नाही.

आणि आपण, पाहणारे?

आता शेवटचा भाग, प्रेक्षकांचा. कोल्हापूरला फुटबॉल पाहिला आहे का कोणी? राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने. तिथे संघ तालमीचा, तालीम पेठेची. खेळणारा पोरगा समोरच्या गल्लीतला. हरला तर रस्त्यात भेटतो. तिथे ईर्ष्या टोकाला जाते, कधी हाणामारीही होते, आम्ही त्याचे कौतुक करत नाही. पण एक गोष्ट तिथे आहे. "संघ माझा" म्हणणारा माणूस संघासाठी काहीतरी करतो. वर्गणी देतो, जेवण घालतो, पोरांना मैदानावर घेऊन जातो. "माझा" या शब्दाची किंमत तो मोजतो.

आपण टीव्हीसमोर बसून जिंकलो की "आपण जिंकलो" म्हणतो आणि हरलो की "ते हरले" म्हणतो. व्याकरणातली ही एवढीशी उडी आपली सगळी जबाबदारी झटकून टाकते. चार सामने हरल्यावर प्रशिक्षकाचे डोके मागणारा आवाज आपलाच असतो, आणि मालक काही वेळा तोच आवाज ऐकून निर्णय घेतो. इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीला २०१६ साली कोणाच्या ध्यानीमनी नसताना विजेतेपद मिळवून देणारे क्लॉदियो रानिएरी पुढच्याच फेब्रुवारीत काढले गेले. नऊ महिन्यांत! तेव्हा जबाबाचा एक छोटा वाटा आपल्याकडेही येतो.

पोरांनो, इथून पुढे तुमचा संघ हरला, गावचा, शाळेचा किंवा मुंबईचा, तर भांडा, जरूर भांडा. फक्त नाव घेण्याआधी एवढे विचारा: नेमके काय बिघडले? ते बदलायचा अधिकार कोणाकडे होता? त्याला पुरेसा वेळ मिळाला होता का? आणि खडी अजून मैदानावरच आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "हो" असेल, तर खेळाडू आणि प्रशिक्षक यांना थोडा वेळ बाजूला ठेवा आणि सगळे मिळून कचेरीच्या दाराशी जा. तिथे ज्याची सही आहे त्याला शिव्या देऊ नका. त्याला जबाब विचारा. आम्हाला तो त्या वेळी कोणी विचारला असता, तर बरे झाले असते.